ओढ मातीची, परवानगी मालकाची

परदेशी गेलेल्या माणसाने मातीशी असलेली नाळ कशी टिकवावी, या विषयावर आपल्याकडे व्याख्याने होतात, परिसंवाद झडतात आणि दिवाळी अंकांचे रकानेच्या रकाने भरतात. न्यू जर्सीतल्या नातवंडांना मराठी येत नाही, सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलेले आजोबा चौथ्याच महिन्यात पर्वतीच्या आठवणीने कासावीस होतात, पुण्यातील प्रशस्त सदनिकेत आजी दिवेलागणीला एकटीच बसून राहते. या दुःखांना शब्द देणाऱ्या लेखकांची आपल्याकडे वाण नाही. ही दुःखे खोटी आहेत असे मला म्हणावयाचे नाही. एकटेपणा पगार विचारून येत नाही, हे मलाही कळते. परंतु ही सारी चर्चा एका गृहीतावर उभी आहे. घराशी संबंध ठेवणे वा न ठेवणे ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट आहे. ओढ असली की माणूस संबंध राखतो आणि ओढ आटली की संबंधही आटतो, असे ते गृहीत आहे. माझा आक्षेप या गृहीतालाच आहे.

आखातातील सहा देशांत मिळून नव्वद लाखांच्या आसपास भारतीय राहतात. त्यांत व्यापारी आहेत, डॉक्टर आहेत, बँकांतील अधिकारी आहेत. परंतु फार मोठा भाग गवंडी, सुतार, वेल्डर, मोटारचालक, सफाई कामगार आणि घरकामाच्या बायांचा आहे. आपल्या खेड, दापोली, मंडणगडपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंतच्या पट्ट्यात असे घर शोधावे लागत नाही, असे नसलेले घर शोधावे लागते. या माणसांच्या बाबतीत मातीची ओढ किती आहे हा प्रश्न जवळजवळ निरर्थक आहे. घरी केव्हा जावयाचे हे करार ठरवितो. बायकोला जवळ आणावयाचे की नाही हे पगाराची चिठ्ठी ठरविते. आणि ज्या पासपोर्टावर घरी जावयाचे तो कायद्याने मनाई असतानाही मालकाच्या तिजोरीत पडून असतो. नाळ टिकवा, असा उपदेश त्यांना करणे म्हणजे कोंडवाड्यातील गुराला गोठ्याची आठवण ठेव म्हणून बजावण्यासारखे आहे.

हे मी पुस्तकांवरून लिहीत नाही. सन १९८० च्या सुमारास जगबुडी नदीकाठच्या एका गावी मी प्राथमिक शिक्षक होतो. गावात पोस्टाची पेटी होती, परंतु लिहिणारे हात थोडे होते. पुरुष मुंबईला, बोटीवर किंवा दुबई-कुवेतला. मागे राहिलेल्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून पत्रे लिहिणे आणि आलेली पत्रे वाचून दाखविणे हे माझे दुसरे कामच होऊन बसले होते. त्या कामात मला एक गोष्ट फार लवकर कळली. माणसे पत्रातून एकमेकांना जे कळवितात त्यापेक्षा जे कळवीत नाहीत ते कितीतरी अधिक असते.

एक म्हातारी येत असे. मुलगा आखातात गेलेला. एके दिवशी तिला इतका दम लागला होता की ओट्याची पायरी चढता येईना. मी विचारले, प्रकृतीचे काय लिहू? ती म्हणाली, “गुरुजी, आजारपणाचं लिहू नका. तो तिथं एकटा आहे, त्याला झोप लागायची नाही. पैसे पोचले, कौलं शाकारली, एवढंच लिहा.” मी तसेच लिहिले. महिन्याभराने त्याचे उत्तर आले: मी खुशाल आहे, काम बरे आहे, जेवणाचे हाल नाहीत, पुढच्या ड्राफ्टची वाट पाहा. तेही मी तिला वाचून दाखविले. दोन वर्षांनी तो रजेवर आला तेव्हा शाळेत भेटावयास आला आणि बोलता बोलता सहज सांगून गेला की एका खोलीत ते अकरा जण होते, पहिले पाच महिने पगार मिळाला नव्हता आणि घरी पाठविलेला पहिला ड्राफ्ट उसन्या पैशांचा होता. दोन्ही बाजूंची खोटी पत्रे माझ्याच हातून गेली होती. एक लिहून आणि एक वाचून. त्यांच्यात संपर्क नव्हता असे कोण म्हणेल? महिन्याला नियमित पत्र होते. त्यांच्यात नव्हते ते फक्त सत्य, आणि ते नव्हते याचे कारण प्रेमाचा अभाव हे खचित नव्हते. खरे सांगून दुसऱ्याने करावयाचे काय? तो नोकरी सोडून येऊ शकत नव्हता. ती तेथे जाऊ शकत नव्हती. जेथे उपाय नाही तेथे माणसे माहिती देणे बंद करतात.

त्या काळी मला वाटे, आणि माझ्या पिढीतील पुष्कळांना वाटत असे, की हा सारा दळणवळणाच्या साधनांचा प्रश्न आहे. पत्राला तीन आठवडे लागतात म्हणून हे अंतर आहे. पुढे आवाज भरलेल्या कॅसेटी येऊ लागल्या. त्यांत पोरे बापाला पाढे म्हणून दाखवीत. नंतर खेडच्या बूथवर रात्री उशिरा रांगा लागू लागल्या, कारण त्या वेळी दर कमी असत. आणि आता प्रत्येक घरात चेहरा दाखविणारा फोन आहे. अंतर मिटले असे म्हणावयास हरकत नाही. मग त्या म्हातारीच्या घरात काय घडले ते ऐका.

तिचा मुलगा पंचवीस वर्षे येऊन-जाऊन राहिला, थकून परतला आणि काही वर्षांत वारला. त्याचा मुलगा आज आखातातच वेल्डर आहे. तो रोज रात्री घरी बोलतो. बोलताना फोन अशा बेताने धरतो की मागची पांढरी भिंत दिसावी आणि एकावर एक रचलेल्या लोखंडी खाटा दिसू नयेत. हे त्यानेच मला हसत हसत सांगितले. पत्रातील ‘मी खुशाल आहे’ या वाक्याची जागा आता त्या पांढऱ्या भिंतीने घेतली आहे. काही वर्षांपूर्वी त्याची आई वारली. कराराची दोन वर्षे पुरी व्हावयास सात महिने शिल्लक होते. त्याने रजा मागितली. जनाजा निघाला, कबरस्तानापर्यंत गेला, माती दिली गेली. हे सर्व एका चुलत भावाने उंच धरलेल्या फोनवर त्याने पाहिले, कामाच्या जागेवर एका पत्र्याच्या आडोशाला उभे राहून. दुसऱ्या दिवशी पुन्हा रजेचा विषय काढला तेव्हा मुकादमाने त्याला विचारले, सगळे पाहिलेस ना फोनवर? मग आता जाऊन काय करणार?

मुकादम दुष्ट होता असे तो म्हणाला नाही. मलाही तसे वाटत नाही. तो मुकादम एक मोठे सामाजिक सत्य सहजपणे बोलून गेला, एवढेच. स्वस्त संभाषणाने घराची भूक भागत नाही, परंतु ती भागली असे दाखविण्याची सोय मात्र मालकाला होते. पत्राच्या काळात निदान हे तरी निर्विवाद होते की माणूस घरापासून दूर आहे आणि त्याला घरी जाऊ दिले पाहिजे. आज रजेचा हक्क मागणाऱ्याच्या हातात फोन दिसतो आणि त्या फोनकडे बोट दाखवून त्याचा हक्क पुढे ढकलता येतो. ज्यांनी संपर्काच्या साधनांचे पोवाडे गायिले त्यांनी हा जमाखर्च कधी मांडला नाही.

बरे, हे साधनही मुक्त आहे काय? सौदी अरेबियाने इंटरनेटवरून बोलण्यावरची बंदी २०१७ साली उठविली; तोपर्यंत ती होती. संयुक्त अरब अमिरातीत तर साऱ्या जगाला फुकट मिळणारे व्हॉट्सॲपवरचे बोलणे वर्षानुवर्षे रोखून धरण्यात आले आणि परवाना असलेल्या ठरावीक ॲपांसाठी दूरध्वनी कंपन्यांना दरमहा शुल्क भरावयास लावले गेले. आईशी बोलण्यावर कर बसविण्याची ही कल्पना आपल्या जुन्या मिठाच्या कराहून फारशी वेगळी नाही. जिन्नस असा निवडावयाचा की ज्यावाचून गरिबाचे चालत नाही.

आता सहवासाचा विचार करू. संपर्काचा खरा अर्थ सहवास. बाकी सर्व त्याची उसनवारी. अमिरातीत कुटुंब जवळ आणावयाचे तर २०१९ च्या नियमाप्रमाणे महिना ४,००० दिरहम, किंवा राहण्याची जागा आणि वर ३,००० दिरहम, एवढा पगार पाहिजे. साध्या बांधकाम मजुराचा पगार सहसा याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये कौटुंबिक व्हिसा पुन्हा सुरू केला तेव्हा पगाराची अट ठेवली ८०० दिनारांची, म्हणजे आपल्या दोन लाख रुपयांहून अधिक. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक आश्रितावर दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि दरवर्षी शंभराने वाढवीत २०२० पर्यंत ते ४०० वर नेले. बायको आणि दोन मुले जवळ ठेवणाऱ्या कारकुनाला त्यामुळे दरमहा बाराशे रियाल केवळ नवरा आणि बाप असण्याबद्दल मोजावे लागले. कित्येक कुटुंबे चंबूगबाळे आवरून परतली. एकत्र राहण्याची लायकी पगारावरून ठरविणारा हा कायदा आहे. चार हजारांच्या वर असाल तर नवरा, खाली असाल तर नुसते हात.

यावर आपले सरकार काय करते? ते समारंभ करते. ९ जानेवारी हा प्रवासी भारतीय दिवस म्हणून २००३ पासून साजरा होतो, कारण १९१५ साली त्याच दिवशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतले. गालिचे अंथरले जातात, पुरस्कार दिले जातात, गुंतवणुकीची आवाहने होतात. पण गांधीजी दक्षिण आफ्रिकेत कशासाठी लढले याची आठवण त्या मंडपात निघत नसावी, नाही तर गालिच्यावर उभे राहणे जड गेले असते. मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेला, बहुपत्नीकत्वाला मुभा देणाऱ्या धर्माचा विवाह तेथील कायद्याच्या दृष्टीने विवाह नव्हे. निकाल होता एका मुसलमान स्त्रीविषयी. ती आपल्या नवऱ्याकडे राहावयास आली होती आणि तिला बंदरातच अडविण्यात आले होते. त्या एका निकालाने हिंदी मजुरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बायका एका रात्रीत परक्या ठरल्या. गिरमिटियांवरील तीन पौंडांच्या कराबरोबर हा प्रश्नही त्या वर्षीच्या सत्याग्रहाचा कणा झाला. स्त्रिया प्रथमच तुरुंगात गेल्या आणि कस्तुरबांनी तीन महिन्यांची शिक्षा भोगली. १९१४ च्या कायद्याने कर गेला आणि विवाहांना मान्यता मिळाली. म्हणजे नवऱ्याजवळ राहण्याचा परदेशस्थ मजुराच्या बायकोचा हक्क हा आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या पहिल्या विजयांपैकी एक आहे. आमचे गोपाळ कृष्ण गोखले त्याच्या आधी, १९१० साली, नाताळकडे होणारी गिरमिटियांची भरती बंद करा म्हणून कायदेमंडळात उभे राहिले होते आणि १९१२ साली स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते. दापोलीच्या एखाद्या मुसलमान सुनेला आज शारजाला नवऱ्याजवळ जाता येत नाही ते तिचा निकाह अमान्य आहे म्हणून नव्हे, नवऱ्याचा पगार अमान्य आहे म्हणून. न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालावर पेटून उठलेला देश या निकालावर साधा निषेधाचा खलिताही पाठवीत नाही.

पाठविणार कसा? पैसा येतो आहे. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली भारतीयांनी परदेशातून १२९ अब्ज डॉलर घरी पाठविले; जगात कोणत्याही देशाकडे इतका पैसा गेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यातील सुमारे ३८ टक्के आखातातून आलेला दिसतो, आणि राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, २०.५ टक्क्यांचा, केरळ त्याच्या किंचित मागे. (महाराष्ट्राच्या वाट्यात अमेरिकेतील डॉलरही आहेत, हे मान्य.) कारखाना उभारावा लागत नाही, कर्ज काढावे लागत नाही, माणसे निर्यात केली की परकीय चलन येते. अशा मालाच्या तक्रारी कोण ऐकतो?

तक्रारी ऐकणे दूरच, हा माल स्वस्त करण्याचा उद्योगही झाला. परदेशी जाणाऱ्या अकुशल कामगाराला किमान किती वेतन मिळाले पाहिजे हे आपले सरकार देशनिहाय ठरविते. सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीने माणसे आखातात अडकून पडली असताना, केंद्र सरकारने आखाती देशांसाठीचे हे किमान वेतन ३० ते ५० टक्क्यांनी उतरविले. नोकऱ्या टिकाव्यात म्हणून, असे कारण दिले गेले. कामगार न्यायालयात गेले, ओरड झाली आणि जुलै २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. मधल्या दहा महिन्यांत किती करार त्या उतरविलेल्या दराने झाले असतील आणि त्यातून किती रजा, किती विमानाची तिकिटे, किती औषधे कापली गेली असतील, याचा हिशेब कोणी मागितला नाही. एवढ्यावरून लक्षात यावे की ‘परदेशचे कायदे, आम्ही काय करणार’ ही सबब किती पोकळ आहे. वेतन उतरविताना परदेशच्या कायद्याची आडकाठी आली नव्हती.

स्थलांतरित कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली मंजूर केला, २००३ साली तो अमलात आला. कुटुंबाच्या एकत्र राहण्याला राज्यांनी संरक्षण द्यावे असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. आखातातील एकाही देशाने तो स्वीकारलेला नाही. ते समजण्यासारखे आहे. पण जगात सर्वांत अधिक माणसे परदेशी धाडणाऱ्या भारतानेही तो स्वीकारलेला नाही. फिलिपीन्सने १९९५ सालीच स्वीकारला. त्याच वर्षी मार्चमध्ये सिंगापूरमध्ये फ्लोर कॉन्तेम्प्लासिऑन या घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रीला फाशी झाली, देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि जूनमध्ये परदेशस्थ कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. २००३ मध्ये त्यांना परदेशातून मतदानाचा हक्क मिळाला. आपल्याकडे २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकाला मतदार होता आले, पण मत टाकावयास गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहिले पाहिजे ही अट राहिली. परिणामी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नोंदलेल्या सव्वा लाखाच्या आसपास परदेशस्थ मतदारांपैकी प्रत्यक्ष मत टाकले २,९५८ जणांनी, आणि त्यांतील बहुतेक सर्व केरळचे होते. आईच्या मयतीला ज्याला रजा मिळत नाही तो मतदानाला कोठून येणार? ज्याला मत नाही त्याचे ऐकावयाचे कशाला, हे राज्यकर्त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. केरळात निदान १९९६ पासून प्रवासी केरळीयांसाठी सरकारचे स्वतंत्र खाते आहे आणि २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ व निवृत्तिवेतन आले. कोकणात मी पाहिलेल्या एकाही निवडणूक सभेत आखातातील कामगार हा विषय निघाला नाही. रस्ते निघाले, प्रकल्प निघाले, देवळे-मशिदी तर निघाल्याच.

माणूस मेला म्हणजे मात्र थोडी हालचाल होते, तीही मोठ्या संख्येने मेला तर. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. हवाई दलाच्या विमानाने शवपेट्या दोन दिवसांत कोचीला आणल्या. ते योग्यच झाले. परंतु एकेकटा मरणारा कामगार, झोपेत हृदय बंद पडलेला, परातीवरून घसरलेला, उन्हाने कोसळलेला, त्याचे शव पोलिसांचा दाखला, मालकाचा दाखला आणि थकलेल्या हिशेबाची पावती यांच्यामध्ये आठवडेच्या आठवडे पडून राहते. या कामी दूतावासांपाशी जो कल्याण निधी २००९ पासून आहे, तो मुख्यतः परदेशस्थ भारतीयांनीच दूतावासातील कामांसाठी भरलेल्या शुल्कातून उभा राहतो. स्वतःच्या शवपेटीची वर्गणी स्वतःच आगाऊ भरण्याची ही योजना आहे.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो: त्यांना कोणी जबरदस्तीने पाठविले आहे काय? येथे मिळाले नसते ते तेथे मिळते म्हणूनच ते जातात. खरे आहे. मुंबईच्या गिरणीतही कोणी जबरदस्तीने जात नव्हते. तरीही रजा, बदली, गणपतीला आणि शिमग्याला गावी जाण्याची सवड हे गिरणी कामगारांच्या लढ्याचे विषय होतेच. मालक त्याला गैरहजेरीची खोड म्हणत. पण साम्राज्य सरकारनेच नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ साली असा अभिप्राय दिला की कामगाराचा गावाशी असलेला संबंध ही अडचण नसून ठेव आहे, तो तोडू नये, नियमित करावा. गोऱ्या साहेबांच्या आयोगाला जे दिसले ते आमच्या लोकशाही सरकारला दिसत नाही, याला काय म्हणावे? अण्णाभाऊ साठ्यांनी मुंबईला आलेल्या मजुराच्या विरहाची छक्कड रचली आणि त्याच विरहातून संयुक्त महाराष्ट्राची मागणी उभी केली. ताटातूट हा राजकारणाचा विषय आहे हे महाराष्ट्रातील श्रमिक चळवळीला कोणी नव्याने सांगावयास नको होते.

पण सांगावे लागते आहे, आणि याचा दोष मी केवळ सरकारच्या माथी मारणार नाही. आपणही या माणसाला नीट पाहिले नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामे निघाली आणि कोकणातील पोरे तिकडे गेली; तेव्हा आपल्या नजरेला काय भरले? टू-इन-वन, अत्तराच्या बाटल्या, संगमरवरी ओटे. ‘दुबईवाला’ हा शब्द आपण कुचेष्टेने उच्चारला. पेट्रोडॉलरने गावची साधी राहणी बिघडली म्हणून आपण लेख लिहिले. मीही एक लिहिला होता, आणि तो आज वाचताना शरम वाटते. त्याच सुमारास मशिदीला नवा रंग लागला की पैसा कोठून आला म्हणून कुजबुजणारे दुसऱ्या बाजूला होतेच. एका बाजूची तुच्छता आणि दुसऱ्या बाजूचा संशय यांच्यामध्ये तो कामगार म्हणून कोणाला दिसलाच नाही. आमच्या युनियनांनी कारखान्याच्या फाटकाशी सभा घेतल्या, सहार विमानतळाच्या फाटकाशी एकही घेतली नाही. जो देशाबाहेर गेला तो वर्गाबाहेरही गेला, असे आम्ही मनोमन धरून चाललो.

केरळने येथेही निराळी वाट दाखविली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एस. ए. जमील यांचे दुबईच्या नवऱ्याला बायकोने लिहिलेल्या पत्राचे गीत मलबारात घरोघर वाजले. पैसे पोचले, पण तुम्ही कोठे आहात, असा त्या पत्राचा रोख होता. ते ऐकून आखातातील बिऱ्हाडांत पुरुष रडले असे सांगतात. आमच्या ओट्यावर बसलेल्या बायकांनीही मला तेच सांगितले असेल. मी लिहिले ते मात्र कौले शाकारल्याचे. मागे राहिलेल्या बाईचा हिशेब तर कोणीच ठेवला नाही. शेत तिने राखले, सासू-सासऱ्यांचे तिने केले, मुलांच्या शाळेचे, बँकेचे, पंचायतीचे तिने पाहिले, आणि रोज रात्री फोनवर कोठे गेली होतीस याचे उत्तरही तिनेच दिले. होय, हेही घडते. फोन जसा मालकाच्या सोयीचा झाला तसा नवऱ्याच्या पहाऱ्याचाही झाला. दमलेला, अपमानित झालेला माणूस ज्या एका जागी अधिकार चालवू शकतो ती जागा म्हणजे तो काचेचा तुकडा. त्याची बाजू घ्यावयाची म्हणून हे झाकावयाचे, हे मला मान्य नाही.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी सरकारने २०२५ साली विधेयकाचा मसुदा पुढे केला. त्यावर आपले म्हणणे काय? माझे म्हणणे थोडक्यात असे. निकटच्या नातलगाच्या मृत्यूला आणि गंभीर आजाराला पगारी रजा व परतीचे तिकीट, ही अट ज्या करारात नाही त्या करारावर कोणत्याही भारतीय कामगाराला पाठवू नये. वर्षातून एकदा घरी येण्याचा हक्क दोन वर्षांच्या प्रथेच्या जागी यावा. पासपोर्ट काढून घेणाऱ्या मालकाला पुन्हा भारतातून माणूस मिळू नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या करारावर भारताने सही करावी आणि द्विपक्षीय बोलणी करताना तेलाच्या दराइतकेच कौटुंबिक व्हिसाच्या पगाराच्या अटीवरही बोलावे. नव्वद लाख माणसे एकदम काम थांबवू शकत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण नव्वद लाख माणसांवाचून त्या शहरांतील एकही लिफ्ट चालत नाही, हे आपल्या परराष्ट्र खात्यालाही ठाऊक असावे.

सरकार हे आपणहून करणार नाही, म्हणून आपल्या तालुका शाखांनी एक काम उद्यापासून करावे. खेडच्या एस.टी. स्थानकाजवळ एक टेबल मांडावे. दलालाने दिलेला करार घेऊन जे पोर येईल त्याला तो सही करण्यापूर्वी मराठीत वाचून दाखवावा: रजा किती, तिकीट कोणाचे, पासपोर्ट कोणापाशी, आई गेली तर काय. इंग्रजी वाचता येणारा एक माणूस आणि एक वही, एवढे भांडवल पुरे. वाचून दाखविण्याचे काम मी अजून करू शकतो. या खेपेस मात्र जे लिहिले असेल ते सगळे वाचेन, आणि जे लिहिलेले नाही तेही सांगेन.